जुनी बंगई (लाकडी झोपाळा), बाकडी, खाटा पुन्हा रंगवायच्या आहेत? काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. भिंतीच्या रंगासाठी लोक शेडकार्ड घरी नेतात, चार दिवस चर्चा करतात, मग येतात. अंगणातल्या बंगईसाठी मात्र गाडीवरून न उतरताच ओरडतात, "भाऊ, अर्धा लिटर चॉकलेटी द्या पटकन." सहा महिन्यांनी तोच माणूस पुन्हा उभा. "भाऊ, समदा रंग उखडी गया, आते काय करू?" त्याला जे तोंडी सांगतो तेच इथे लिहिलं आहे. घरातल्या कपाटाचं, दिवाणाचं यात काही नाही. ओट्यावर, गच्चीवर, मळ्यात, म्हणजे उन्हापावसात पडून असलेल्या लाकडाचंच आहे.

रंग कोणत्या महिन्यात लावावा?

दिवाळी उरकली की शिमग्यापर्यंत कधीही. लोक नेमके चुकतात इथेच, कारण बंगईची आठवण होते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकीबाळी माहेरी येणार, झाडाला झोके बांधले जाणार, मग ओट्यावरची बंगई तशीच भुरकट कशी ठेवायची? पण आखाजी येते एप्रिलच्या उत्तरार्धात नाहीतर मेच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो.

ही चूक मी स्वतः, दुकान असून, केलेली आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला घरची बंगई रंगवायला घेतली. तिसऱ्या फटकाऱ्यालाच ब्रश ओढला जायला लागला. रंग घट्ट झाला म्हणून टर्पेन (रंग पातळ करायचं तेल) वाढवलं, तरी तेच. संध्याकाळी बोट लावून पाहिलं तर कोरडाठाक. दुसऱ्या दिवशी आत्या आली, ऐसपैस बसली, पाऊण तास गप्पा झाल्या आणि उठली तेव्हा लुगड्याच्या काठाची वेलबुट्टी फळीवर जशीच्या तशी उमटलेली होती. काठाला चॉकलेटी रंग. नवं लुगडं घ्यावं लागलं ते वेगळंच.

झालं असं की ऑइल पेंट नुसता टर्पेन उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घेत तो आत आत घट्ट होत जातो. तापलेल्या फळीवर वरच्या अंगाला पटकन साय धरते आणि खालचा रंग त्या सायीखाली कोंडून ओलाच राहतो. पुढे त्यालाच फोड येतात, सुरकुत्या पडतात.

आखाजीलाच करायचं असेल तर बंगई उतरवून सावलीत घ्या, पहाटे साडेसहाला हात घाला आणि नऊला ब्रश धुऊन ठेवा. संध्याकाळची वेळ बरी वाटते, पण लाकूड दिवसभराचं तापलेलं असतं. सोपी परीक्षा म्हणजे फळीवर तळहात टेका. हात आरामात टेकून राहात नसेल तर डबा उघडूच नका.

हिवाळ्यात तर काहीच अडचण नाही ना?

एकच आहे, दव. पौषात नदीकाठच्या गावांना सकाळी सगळं ओलं असतं. बाकडं कोरडं दिसलं तरी कापडाने पुसून पाहा. दहा-साडेदहाला सुरू करून तीनच्या आत थांबा आणि रात्री बाकडं ओट्यावर किंवा पडवीत ओढून घ्या. ओल्या रंगावर दव बसलं की चकाकी जाते, रंग राखेसारखा मळकट दिसतो.

कानबाईला सगळं घर रंगवतोच, त्यात बंगईही उरकून टाकू का?

नको. कानबाईचा सण येतो श्रावणात. भिंतीला चुना-डिस्टेंपर चालून जातं, पण त्या दिवसांत लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं. त्यावर रंग चढवला की पाणी आत कोंडतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते बाहेर पडताना रंगाला ढकलूनच पडतं. लाकूड सुकलं का हे बघायला पॉलिश पेपर घासा. भुसा पिठासारखा उडाला तर सुकलंय. कागदाला लगदा होऊन चिकटला तर अजून आठ-पंधरा दिवस थांबा. कानबाईच्या वेळी बंगई नुसती पुसून वर चादर टाकली तरी शोभते.

लाकूड कोणतं आहे त्याने काही फरक पडतो का?

बराच पडतो. आपल्याकडे जुन्या घरातली बंगई बहुतेक सागाची, सातपुड्यातल्या नाहीतर नवापूर-डांगाकडच्या सागाची. रंग खरवडल्यावर सोनेरी-तपकिरी रेषा दिसल्या आणि चामड्यासारखा किंचित तेलकट वास आला तर साग समजा. सागात अंगचं तेल असतं. तेच त्याला उन्हापावसात टिकवतं आणि तेच रंगाला धरू देत नाही. म्हणून सागाला प्रायमर लावण्याआधी थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसायचं आणि तासाभरात प्रायमर मारायचा. रात्रभर ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं.

खाटेचे पाय, मळ्यातली ओबडधोबड बाकडी बऱ्याचदा बाभळीची असतात. जड, कठीण, लालसर. बाभळीत टॅनिन भरपूर, सालीने तर चामडं कमावतात, त्यामुळे फिक्या रंगातून तपकिरी डाग वर येतात. कडुनिंबाचं लाकूड बरं टिकतं, फक्त पीळ खातं. आणि अलीकडे बाजारातून आलेली स्वस्त बाकडी आंब्याची असतील तर त्यांना उघड्यावर ठेवण्यात अर्थ नाही. रंग कितीही चांगला लावा, दोन पावसाळ्यांत आतून भुसा होतो. त्यांना पडवीतच राहू द्या.

जुना रंग पूर्ण काढायलाच लागतो का?

सगळ्यांना हवं असलेलं उत्तर आहे "नाही", आणि ते अर्धंच खरं आहे. जिथे रंग घट्ट धरून आहे तिथे काढू नका, नुसता खरखरीत करा. पण घट्ट आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. ब्लेडने रंगावर फुलीसारखी चीर पाडा, लाकूड लागेपर्यंत. त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे पापुद्रे आले तर तो भाग खरवडायचा. तीन-चार ठिकाणी करून पाहा. बसायच्या फळीवर एक, पाठीवर एक, आणि खालच्या अंगाला एक. खालच्या अंगाचा रंग बहुतेक वेळा शाबूत निघतो, कारण त्याने ऊन पाहिलेलंच नसतं.

आपल्याकडे रंगाला पाऊस मारतो असं सगळे म्हणतात. पाऊस मारतो, पण चारच महिने. बाकीचं ऊन. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव, धुळे, नंदुरबारला एक दिवस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. अशा वेळी आडव्या फळीची काय गत होत असेल. म्हणून पाठ आणि पाय हलक्या हाताने घासले तरी चालतील, बसायची फळी आणि हातांची वरची बाजू मात्र मुळापासून करायची.

खरवडायचं कशाने?

पत्र्याचा स्क्रॅपर घ्या, रेषेच्या दिशेने ओढा, आडवा मारू नका. कोरीवकामात काचेचा फुटका तुकडा सुताराच्या हातात चमत्कार करतो, तुमच्या हातात रक्त काढेल. जाड हातमोजे असतील तरच करा. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर १२०, शेवटी १८० किंवा २२०. मधला नंबर गाळू नका. ८० चे ओरखडे २२० ने जात नाहीत, आणि चकचकीत रंगाखाली ते लांबून दिसतात. कागद लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळून घासा म्हणजे बोटांचे खड्डे पडत नाहीत.

रंग खूप जुना आहे, आजोबांच्या वेळचा. काही धोका?

आहे, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, शेंदरी, लाल आणि हिरव्या छटांत, शिसं घातलेलं असायचं. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. मर्यादा आहे दहा लाख भागांत ९० भाग. म्हणजे त्याआधीचा कोणताही थर संशयितच धरायचा.

शिसं असलेला रंग कोरडा घासला की धूळ उडते, ती पोटात आणि छातीत जाते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. तेव्हा पाण्याचा फवारा मारत वॉटर पेपरने ओलं घासा, खाली ताडपत्री अंथरा, तोंडाला चांगला मास्क लावा. रुमाल पुरत नाही. मुलं, गरोदर बाई, शेळ्या-कोंबड्या, सगळ्यांना लांब ठेवा. पापुद्रे गोळा करून पिशवीत बांधा. उकिरड्यावर टाकू नका, कारण उकिरडा शेवटी शेतात जातो. काम झालं की आंघोळ, कपडे वेगळे धुवा. ओलं घासल्यावर लाकूड दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या.

स्टोव्हच्या ज्वाळेने किंवा कॉस्टिक सोड्याने रंग पटकन निघतो ना?

निघतो. ज्वाळेने शिशाची वाफ होते, तेव्हा जुन्या रंगाला ती लावूच नका. कॉस्टिक सोड्याने साग काळाठिक्कर पडतो, सांध्यांत सोडा मुरून बसतो आणि पुढच्या पावसात तिथूनच नवा रंग सोडायला लागतो. दुकानात तयार रिमूव्हर मिळतो. तो उघड्या हवेत, हातमोजे घालून, थोड्या थोड्या भागावर वापरा.

बंगई राखाडी पडली आहे. तसाच रंग मारला तर?

राखाडी थर म्हणजे मेलेलं लाकूड. उन्हाने लाकडातला लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारा पदार्थ, तुटतो. पाऊस तो धुऊन नेतो, वर मोकळे तंतू राहतात. नखाने खरवडा, कापसासारखी लव निघेल. त्या लवेवर रंग लावणं म्हणजे धुळीवर सारवण करणं. रंग लवेला धरतो, लव लाकडाला धरत नाही. ताजं लाकूड दिसेपर्यंत घासा. रंगाऐवजी पॉलिश करायचं असेल आणि काळपटपणा जात नसेल तर ऑक्झॅलिक अॅसिड पाण्यात विरघळवून लावतात, त्याने साग उजळतो. ते विषारी आहे. हातमोजे, चष्मा घाला, नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा.

भेगा कशाने बुजवू? घरात वॉल पुट्टी उरली आहे.

वॉल पुट्टी भिंतीलाच ठेवा. ती सिमेंटची. लाकूड चैत्रात आकसतं, आषाढात फुगतं, ती काही हलत नाही. पहिल्याच पावसाळ्यात वडीसारखी निघते. पीओपीचंही तसंच.

केसाएवढ्या भेगांना लाकडाची तयार लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, चालते, पत्र्याने दाबून भरायची. करंगळी जाईल एवढी भेग असेल तर त्याच लाकडाची चिपटी तासून, वॉटरप्रूफ सुतारी गोंदात बुडवून आत ठोका आणि वरून रंध्याने सपाट करा. साधा पांढरा गोंद आणि भुसा हा घरगुती उपाय आतल्या फर्निचरला ठीक आहे, बाहेर तो पावसात मऊ पडतो. पायाचा तुकडा उडाला असेल, खिळ्याचं भोक मोठं झालं असेल तर कणकेसारखं मळून लावायचं इपॉक्सी वापरा. आणि भेग भरायची ती हिवाळ्यात. मेमध्ये भेगा सगळ्यात रुंद असतात. तेव्हा ठासून भरलं तर पावसाळ्यात लाकूड फुगून भरणच बाहेर ढकलतं, नाहीतर फळी दुसरीकडे तडकते.

प्रायमर लागतोच का? रंगारी म्हणतो, दोन हात जास्त मारू.

लागतो. उघड्या लाकडावर रंगाचे चार हात मारले तरी पहिला हात लाकूड पिऊनच टाकतं. वुड प्रायमरचा एक हात पूर्ण आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोन. पाणी तिथूनच जास्त शिरतं, लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात. बाकड्याचे पाय उलटे करून तळव्यांनाही पाजा. हे माझ्या सांगण्यावरून करणारा दहातला एक असेल.

केळीच्या चिकाचे डाग रंगातून वर येतात. काय करावं?

हा प्रश्न रावेर-यावलच्या पाहुण्यांचा. घड उतरवताना मळ्यातल्या बाकावर चीक सांडतो, सुरुवातीला पाण्यासारखा दिसतो आणि मग काळा-तपकिरी होतो. धोतरावरचा जात नाही तसा लाकडातलाही जात नाही. घासून कमी करा, मग डागावर लाखदाण्याच्या पॉलिशचे दोन हात द्या. लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळतो आणि मिनिटांत सुकून डागाला आत कोंडतो. वरून प्रायमर आणि रंग. बाभळीच्या टॅनिनला आणि खिळ्याभोवतीच्या काळ्या वर्तुळांनाही हाच उपाय. फक्त खिळा गंजका असेल तर आधी तो काढा आणि जागी पितळी स्क्रू लावा. गंज आणि टॅनिन एकत्र आले की शाईच तयार होते.

ऑइल पेंट घ्यावा की पाण्यातला?

ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक एनॅमल. कडक, चकचकीत, ब्रशाच्या खुणा कमी. पण वर्षं जातात तसा तो अधिकाधिक कडक होत जातो आणि लाकूड हललं की तडकतो. पाण्यातलं अॅक्रिलिक एनॅमल लाकडाबरोबर थोडं ताणतं, पिवळं पडत नाही, वास कमी, दुपारपर्यंत दुसरा हात मारता येतो. आपल्या उन्हाला मी आताशा पाण्यातलंच देतो. माझ्या ओट्यावरच्या दोन बाकड्यांपैकी ऑइल पेंटच्या बाकड्याला तिसऱ्या वर्षी भेगा आल्या, दुसरं अजून बरं आहे. दोन बाकड्यांवरून शास्त्र होत नाही हे मला कळतं.

जुना ऑइल पेंट असेल आणि वर पाण्यातला द्यायचा असेल तर चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासा आणि मध्ये प्रायमर द्या. नाहीतर केळीच्या सालीसारखा अखंड निघतो. खालचा रंग कोणता ते ओळखायला कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन चोळा. मऊ पडून बोळ्याला लागला तर पाण्यातला, ढिम्म राहिला तर ऑइल.

सागाच्या रेषा झाकायच्या नाहीत. पॉलिश किंवा वॉर्निश चालेल?

चालेल, पण दरवर्षी हात द्यायची तयारी हवी. पारदर्शक थरातून ऊन सरळ लाकडापर्यंत पोहोचतं आणि तो थर खालून सुटतो. रंगातली भुकटीच लाकडाची छत्री असते, वॉर्निशमध्ये ती नाही. बाहेरच्या वापराचं, उन्हाला तोंड देणारं म्हणून डब्यावर लिहिलेलं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा वॉर्निश घ्या. शक्य तर किंचित तपकिरी छटेचं. लाखदाण्याचं पॉलिश घरात देखणं, बाहेर पहिल्या सरीला पांढरे चट्टे. मेलामाइन पॉलिशही घरातल्या वापराचंच.

बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, हा जुना मार्ग. पातळ हात, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं, असे तीन-चार दिवस. मला हे सगळ्यात आवडतं, कारण त्याचा पापुद्रा निघत नाही. फिकं पडलं की पुन्हा तेल.

पण एक गोष्ट नीट वाचा. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या कापडात ती कोंडते आणि कापड आपोआप पेटू शकतं. काडी लागत नाही. आमच्या मागच्या शेडमध्ये एकदा असा ढीग हाताला चटका बसेल इतका तापलेला सापडला, बाजूला सुतळीचे गठ्ठे. बोळे दोरीवर एकेक मोकळे वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

बंगईला किती रंग लागेल?

पाच बाय दोनची फळी धरू. वरून दहा चौरस फूट, खालून दहा. पाठ, हात, कडा मिळून पंधरा धरा. एकूण पस्तीस, रंगाच्या दोन हातांचे सत्तर. जुन्या लाकडावर लिटरला शंभर चौरस फूट एका हाताचे निघतात असं धरलं तर ७०० मिली. म्हणजे ते "अर्धा लिटर पटकन" पुरत नाही. मग दुसऱ्या हाताला रंग ताणला जातो आणि पुढच्या सगळ्या तक्रारी तिथून निघतात. प्रायमर मात्र अर्धा लिटर पुरे.

रॉकेल घालून पातळ केला तर?

चकाकी जाते आणि रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. टर्पेन घाला, तेही डब्यावर लिहिलंय तेवढंच.

ब्रश की मशीन?

बंगईला दोन इंची ब्रश. स्प्रे मशीनचा अर्धा रंग आपल्याकडच्या वाऱ्यावर शेजाऱ्याच्या गाडीला बसतो.

सुकेपर्यंत धूळ आणि रुई चिकटते, उपाय?

रंगवायच्या आधी अंगणात सडा टाका, धूळ बसते. रुईचं अवघड आहे. दिवाळीनंतर कापूस वेचणीला आलेला असतो, ट्रॅक्टर-गाड्या जिनिंगकडे निघतात आणि पांढरे धागे हवेत असतात. रस्त्याकडेच्या ओट्यावर रंगवूच नका, मागच्या परसात घ्या. चिकटलाच धागा तर ओल्यात काढायला जाऊ नका. सुकल्यावर २२० च्या कागदाने हलकेच उडवा आणि दुसरा हात द्या. दोन हातांमध्ये तसंही हलकं घासायचंच असतं.

कोणता रंग निवडावा?

गडद चॉकलेटी आणि काळा दिसायला छान, पण दुपारी त्या फळीवर बसवत नाही आणि लाकूडही जास्त तापून हलतं. बसायच्या फळीला फिका रंग द्या. दुधी, पिस्ता, राखाडी. चौकटीला हवा तो गडद. गेरूच्या जातीचे लाल-तपकिरी रंग उन्हात कमी उडतात, कारण त्यातला लोहाचा ऑक्साइड मुळातच उन्हाला मुरलेला. भडक गुलाबी-जांभळा पोळ्याला बैलाच्या शिंगांवर शोभतो, पण बंगईवर दुसऱ्या उन्हाळ्यात ओळखू येत नाही.

उधई लागली आहे, रंगाने जाईल?

नाही. वाळवी जमिनीतून पायाने चढते. मातीचा बोगदा दिसला की फोडा, वारूळ कुठून येतं ते शोधून तिथे औषध टाका, पोखरलेला भाग कापून काढा. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर ते लाकूड उरलेलंच नाही. बाकड्याचे पाय काळ्या मातीवर कधीच ठेवू नका. खाली शहाबादी फरशीचे तुकडे टाका, पायांना रबरी बूट घाला.

बंगईच्या कड्यांनाही रंग मारू का?

पितळी असतील तर चिंचेने घासा, बस. लोखंडी असतील तर गंज काढून रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर रंग, पण कडीत कडी अडकते ती जागा सोडून. तिथला रंग दोन झोक्यांत निघतो आणि करकर वाढते. त्या जागी तेलाचा थेंब. बंगई उतरवलीच आहे तर आढ्याचा हूक आणि कड्यांची झिजलेली जागा बघून घ्या. मूळ जाडीच्या निम्मी राहिली असेल तर रंगाचं नंतर, आधी कडी बदला.

खाटेची नवार न काढता रंगवता येईल?

येईल आणि आठ दिवसांत कळेल. नवारीखालच्या पट्ट्याला घासता येत नाही, घाम आणि धूळ तिथेच साचलेली असते. नवार सोडा, धुवा, गाती (चौकटीच्या आडव्या दांड्या) आणि पाय वेगळे करून रंगवा. सांध्याच्या खाचेत रंग जाऊ देऊ नका, खाट परत बसत नाही. हिवाळ्यात भरीत पार्टीला मळ्यात खाटा नेतात आणि कोणीतरी पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) जाळाशी फारच जवळ ओढतो. तसा भाजलेला भाग काळा कोळसा निघेपर्यंत खरवडल्याशिवाय प्रायमर धरत नाही.

किती दिवसांनी बसायचं?

ऑइल पेंटला आठ दिवस, पाण्यातल्याला तीन-चार. पाहुणे आलेच तर सतरंजी टाकू नका. कापड चिकटतं, आत्याला विचारा.

रंगाऱ्याला दिलं तर तो एवढं करेल का?

रोजावर असेल तर कदाचित, ठोक रकमेत अंगावर घेतलं असेल तर नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. घासण्यात दोन दिवस जातात, रंगात अर्धा. घासणीचा रोज वेगळा ठरवा, किंवा घासून तुम्ही द्या आणि ब्रश त्याच्या हातात द्या. प्रायमरच्या आधी एकदा बघायला जा आणि तळहात फिरवा.

उरलेला रंग किती दिवस टिकतो?

झाकण हातोडीने कडेकडेने ठोकून बसवा आणि ऑइल पेंटचा डबा पालथा ठेवा, म्हणजे साय धरली तरी तळाला. पत्र्याच्या शेडमध्ये नको, घरात थंड कोपऱ्यात. साय आलीच तर कापून बाहेर काढा, ढवळून आत मिसळू नका, आणि जुन्या साडीच्या फडक्याने गाळून घ्या. झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख खडूने नाही, पेनाने लिहा. "मागच्या वेळचाच चॉकलेटी" या नावाचा रंग आमच्याकडे नसतो.